आम्लवर्षेची भीती उगाच होती का?

तुमचा प्रश्न असा: आम्लवर्षा शाळेच्या पुस्तकात होती, आता कुणी नावही काढत नाही. मग तो बागुलबुवा होता, की विज्ञानाचं ऐकून खरंच कायदे बदलले?

कायदे बदलले, पण फार रेंगाळत. धुराची तक्रार आली की सुरुवातीला एकच तोडगा असायचा: चिमणी उंच करा. गावातली हवा सुधारली, पण धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू शेकडो किलोमीटर जाऊन दुसऱ्याच देशात आम्ल बनून पावसासोबत उतरू लागला. १९६७ मध्ये स्वांते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने हे चक्क वर्तमानपत्रात मांडलं. मग मोजमापं झाली आणि १९७९ मध्ये सीमा ओलांडणाऱ्या हवाप्रदूषणावर जिनिव्हाचा करार झाला.

मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि वर्गात हटकून कॅनडातल्या ‘लेक २२३’ची गोष्ट सांगतो. १९७६ पासून शास्त्रज्ञांनी या तळ्यात मुद्दाम थोडं थोडं सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि काही वर्षांत पाण्याचा सामू (पीएच; जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल) ६.८ वरून ५ वर आणला. ट्राउट मासे आम्लाने थेट मेले नाहीत. सामू ६ च्या खाली जाताच त्यांचं खाद्य, म्हणजे बारीक मासे आणि कोळंबीसारखे जीव, आधी संपले. मोठे ट्राउट मात्र उपासमारीने हडकुळे होऊन पोहत राहिले. त्यांचे फोटो बघितल्यावर ‘अजून संशोधन हवं’ हे पालुपद पोकळ वाटतं. अमेरिकेत त्याच पालुपदावर १९८० चं दशक सरलं. कायदा आला १९९० मध्ये.

१९८५ च्या हेलसिंकी करारात सही करणाऱ्या सगळ्या देशांना सल्फरच्या प्रदूषणात सरसकट ३० टक्के कपात होती. माझ्या मते हा आकडा वाटाघाटीतून आलेला, विज्ञानातून नव्हे. खरा फरक १९९४ च्या ऑस्लो करारात दिसतो. तिथे प्रश्नच बदलला: इथली जमीन किती आम्ल पचवू शकते? चुनखडीची जमीन पुष्कळ पचवते, ग्रॅनाइटवरची पातळ माती जवळपास काहीच नाही. त्यावरून प्रत्येक देशाची कपात वेगवेगळी ठरली.

म्हणून आज फारसं कानावर येत नाही, निदान युरोप-अमेरिकेत. माती मात्र इतक्या लवकर सावरत नाही. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज शिंपडलं, ते परत दिल्यावर झाडं सावरतात का हे बघायला.