कानातली शिट्टी

प्रिय,

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात 'कुंईं' वाजत होतं, हे तू किती अभिमानाने लिहिलंस! तुझ्या वयात मीही असाच मिरवायचो. पुढे बरीच वर्षं साउंडच्या मिक्सरमागे काढली. आता रात्री घर निजलं की माझी शिट्टी सुरू होते आणि ती बंद करायचं बटण कुठल्याच मिक्सरवर नसतं.

आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी आहे. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात जेमतेम 15-16 हजार. डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोटींच्या घरात, इथे मात्र एवढ्यावरच जन्म काढायचा. आवाजाचा मारा फार झाला की त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, हं! हा अन्याय मला अजून पचलेला नाही.

"पण दोन दिवसांत सगळं ठीक झालं," असं तू म्हणशील. 2009 साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आवाजाच्या माऱ्यानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली, पण पेशी आणि नस यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले आढळले. नुकसान आधी वरच्या पट्टीत होतं. माणसं बोललेली ऐकू येतात, पण 'स', 'फ', 'थ' निसटतात. गर्दीत तर काहीच लागत नाही.

आता हिशेब. कामाच्या जागेसाठी वापरला जाणारा एक दंडक असा: आवाज 85 डेसिबल असेल तर दिवसाला जास्तीत जास्त 8 तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. यातली खरी मेख अशी की 3 डेसिबलने आवाजातली ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला फरक जेमतेम कळतो. म्हणून 'मला काही त्रास होत नाही' या वाक्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

कानात घालायचे प्लग घे. कापसाचे बोळे नकोत, त्यांनी काही होत नाही. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढ, प्लग आत सरकव आणि तो फुगेपर्यंत बोट काढू नकोस. निम्मे लोक तो नुसता दारात टेकवतात आणि म्हणतात, उपयोग नाही! फोमने गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं, तक्रार रास्त आहे. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच कमी करतात. गाणं तेच, फक्त हळू. मात्र ते पहिल्या ठोक्याआधी घालायचे. मधेमधे बाहेर जाऊन ये.

हेडफोनचं थोडक्यात: गोंगाटावर मात करायला आवाज चढवू नकोस, गोंगाट अडवणारे हेडफोन घे.

आणि एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठ. तिथे औषधाला मोजक्याच दिवसांची मुदत असते.

पुढच्या मैफलीची तिकिटं दोन काढ, मी येतोय. प्लगची जादा जोडी माझ्याकडे आहे. फक्त स्पीकरसमोर उभं राहायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
काका