अव्वांचं मापटं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीच्या, अव्वांच्या, पहिल्या पुण्यस्मरणासाठी लिहिलेला मजकूर पाठवलास, तो दोनदा वाचला. पहिलीच ओळ 'धार्मिक, प्रेमळ व दानशूर वृत्तीच्या' अशी आहे. हे वाक्य आपल्याकडच्या पेपरात रोज कुणाच्या ना कुणाच्या फोटोखाली असतं. खालचं नाव बदललं तरी चालतं, हीच त्याची अडचण. तुझ्या मजकुरातलं अव्वांचं नाव पुसून दुसरं घालता येऊ नये, एवढं साधलं तरी पुष्कळ.

आधी 'दानशूर' काढ. तुमचं घर लिंगायत. इष्टलिंगाची पूजा होऊन कपाळाला विभूती लागल्याशिवाय अव्वा चुलीपुढे बसत नसत. त्यांच्या परंपरेत देण्याला स्वतःचा शब्द आहे, दासोह. 'मी दास' या भावनेनं दिलेलं. म्हणजे घेणारा वरचा, देणारा खालचा. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्याबरोबरच्या संतांनी, कायक आणि दासोह ही जोडीच सांगितली: कष्ट करून मिळव, त्यातलं इतरांना दे. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी गावासाठी तळं खोदलं, आज आपण त्या पाण्यातल्या देवळाचे फोटो काढतो. अशा घरातल्या बाईला 'शूर' म्हटलेलं तिलाच आवडलं नसतं. 'काय बे, मी काय लढाईला गेले होते का?' म्हणाल्या असत्या.

आता मला माहीत असलेलं सांगतो. हे तुमच्या घरात कुणी सांगितलेलं नसणार.

1972चा दुष्काळ. वडील गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडत राहिले, आणि आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन बाळीवेशीत मामाच्या एका खोलीत आली. मी तेरा वर्षांचा. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तीही पुरायची नाही. अव्वा तेव्हा तिशीतल्या. एका संध्याकाळी त्यांनी दारातूनच आईला विचारलं, "ऊटा आय्तेन?" आईला कानडी येत नव्हतं, पण जेवणाचं विचारतायत हे कळलं, आणि ती खोटं बोलली. झालं म्हणाली. अव्वा आत गेल्या, ज्वारीचं मापटं शिगोशीग भरून आणलं, वर आणखी मूठभर सोडली. म्हणाल्या, "उसनी ने. सुगीला परत दे." असं किती वेळा झालं, आईनं भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षी रान पिकलं. आई गावाहून पोतं घेऊन आली. मला वाटलं, अव्वा 'राहू दे' म्हणतील. त्यांनी घेतली! एकेक मापटं मोजून घेतली. काठावरून तळहात फिरवून माप सपाट करायच्या आणि वर उरलेले दाणे आईच्या पदरात परत टाकायच्या. शेवटी "फिटलं" म्हणाल्या. आई त्या दिवशी ताठ चालत खोलीवर आली. 'नको' ऐकलं असतं तर पुन्हा त्या दाराला ती कधी गेली नसती. मी पुढं पस्तीस वर्षं बँकेत घालवली, उसनवारीचा इतका नाजूक हिशेब कुठल्याच खात्यात पाहिला नाही.

तुझ्या मजकुरात यातलं काही नाही, पण 'श्रावणात अडुसष्ट लिंगांना पायी जात' हे आहे. ते ठेव, फक्त अर्ध्यावर सोडू नकोस. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ही लिंगं गावभर विखुरलेली आहेत, त्यामुळे अव्वांचा पाय गावातल्या कुठल्याही गल्लीत पडला तरी कुणाला नवल वाटत नसे. पिशवीत वर बेलाची पानं असायची. खाली काय असायचं ते पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या बाईंना विचार. मिल बंद पडून त्यांचे मालक घरी बसले, तेव्हा पोरीच्या परीक्षेची फी त्या बेलाखालून आली होती. पत्ता तू आलीस की देतो. त्यांचं नाव मात्र छापू नकोस. अव्वांनी जे झाकून नेलं ते आपण चव्हाट्यावर मांडायचं नाही. गोष्ट लिही, नाव सोड.

आणि लवकर ये. आपल्या विद्यापीठाला 2019 साली अहिल्यादेवींचं नाव दिलं. त्यांनी बांधलेले घाट, 1780चं काशीविश्वनाथाचं देऊळ, सगळं दगडात उभं आहे. अव्वांनी दिलेलं लोकांच्या पोटात गेलं. खाणारे आता सत्तरीच्या आसपासचे आहेत.

जन्मतारखेचं थोडक्यात. आधार कार्डावरची 1 जानेवारी लिहू नकोस, ती कुणीतरी खिडकीत बसून ठरवलेली आहे. अव्वा सांगायच्या की रझाकाराच्या वर्षी, 1948ला, त्या परकर नेसत होत्या आणि निजामाच्या हद्दीतून, नळदुर्गाच्या बाजूनं, पळून आलेली माणसं त्यांच्या वडिलांच्या ओसरीवर झोपायची. तसंच लिही.

एक गोष्ट तू टाळली आहेस, आणि का टाळलीस ते मला कळतं. परसदारच्या कोनाड्यातली ती वेगळी कपबशी. गल्ली झाडायला येणाऱ्या मावशींना अव्वा भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी घरच्यांच्या आधी वाढायच्या, पण चहा त्याच कपातून. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरात हे होतं, आणि मी स्वतः शेजारी बसून घरच्या कपातून चहा पीत होतो. मीही कधी काही बोललो नाही. शेवटची दहा-बारा वर्षं कोनाडा रिकामा होता. कपबशी फुटली, की कुणी काढली, की अव्वांनीच टाकली, ते तुझ्या आईला विचार. उत्तर काहीही येवो, कपबशी मजकुरात असू दे. ती गाळलीस तर मापट्यावर तरी वाचणाऱ्यानं विश्वास का ठेवावा?

काकालोक कुरकुर करतील. 'पुण्यस्मरणाला हे कशाला' म्हणतील. भांडू नकोस, माझं नाव सांग. माझ्याशी भांडायला त्यांना सवड नसते.

लांबी आहे तेवढीच ठेव, चार पानांच्या वर जाऊ नकोस. संतवचनं दोन्ही काढ. सुनांची, नातवंडांची यादी शेवटी बारीक अक्षरात चालेल, नाहीतर कुणाचं तरी राहिलं म्हणून वर्षभर अबोला.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला येशीलच. तेराला नंदीध्वजांची मिरवणूक निघायच्या आधी सकाळी घरी ये, विडीवाल्या बाईंकडं जाऊन येऊ. नंतर रस्ते बंद होतात. येण्याआधी एक काम कर. ते मापटं तुमच्या माळ्यावर, जुन्या पाट्या-वरवंट्याच्या मागं असणार. काठाला एका बाजूला चेपलंय, त्यावरून ओळख. शिडी डुगडुगते, खाली कुणाला तरी धरायला सांग.

तुझा,
बाळीवेशीतला काका