ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असताना वडिलांच्या ऑपरेशनसाठी भारतात जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही त्याची बायको म्हणून एच-४वर, दोघांचे आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डचे अर्ज पेंडिंग आणि पुण्यात वडिलांची बायपास ठरलीय. जाता येईल. पण तिकीट काढण्याआधी तुमचं ईएडी कार्ड, म्हणजे नोकरीच्या परवानगीचं कार्ड, हातात घ्या आणि त्यावर 'कॅटेगरी'खाली काय छापलंय ते बघा.

सी२६ असेल तर ते एच-४चं ईएडी. नवऱ्याचा एच-१बी चालू आहे आणि तुमच्या पासपोर्टावरचा एच-४ व्हिसा संपलेला नाही, तर त्यावर परत येता येतं. व्हिसा संपला असेल तर मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टावर नवा व्हिसा घेणं आलं, आणि हॉस्पिटलच्या धावपळीत अपॉइंटमेंटच्या मागे लागणं जिवावर येतं.

सी०९ असेल, म्हणजे आय-४८५वरून मिळालेलं ईएडी, आणि त्यावर नोकरी केली असेल, तर एच-४ हातचा गेला असंच धरा. मग अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, मंजूर होऊन हातात पडल्याशिवाय अमेरिकेबाहेर जाऊ नका. त्यासाठीच्या आय-१३१ अर्जाची नुसती पावती चालत नाही. तशाच निघालात तर आय-४८५ तुम्ही सोडून दिला असं धरतात.

पॅरोल लागणार असेल तर वेळ कमी आहे म्हणून आजच यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करा आणि इमर्जन्सी अ‍ॅडव्हान्स पॅरोलसाठी फील्ड ऑफिसची वेळ मागा. जाताना भरलेला आय-१३१, फी, फोटो, आय-४८५ची पावती न्या. सगळ्यात जास्त जीव हॉस्पिटलच्या पत्रात घाला. माझ्या आईच्या वेळी समोरच्या अधिकारी बाईंनी बाकीचे कागद चाळले, पत्र मात्र शब्दन् शब्द वाचलं. लेटरहेड, वडिलांचं पूर्ण नाव, आजार, ऑपरेशनची तारीख, डॉक्टरांची सही, सगळं हवं. 'पेशंट अ‍ॅडमिट आहे' एवढ्यावर भागत नाही.

नातं दाखवायला जन्मदाखला लागेल. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, म्हणून दहावीचं सर्टिफिकेटही ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडा. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही केली की पुरे, नोटरी लागत नाही.

पॅरोलवर परत येताना विमानतळावर बहुतेक वेळा सेकंडरीत, म्हणजे जास्तीच्या चौकशीसाठी वेगळ्या खोलीत, बसवतात. घाबरू नका, विचारतील तेवढं खरं सांगा.

कार्डाचा फोटो नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांना आत्ताच पाठवा, त्यांचा होकार आला की मगच तिकीट. बाबांचं ऑपरेशन नीट पार पडू दे, मनापासून.