कोल्हापूरचा पिनकोड ४१६००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही. अंकांची बेरीज १२ येते, म्हणजे ३ ने भाग जाणारच. भागाकार १३८६६७. आता खरं काम सुरू होतं: ७, ११, १३, १७, १९ यांपैकी कुणाचाच भाग जात नाही आणि मग २३ ने अगदी नि:शेष जातो. उरतो ६०२९. तो मूळ आहे. ७९ चा वर्ग ६२४१ होतो, त्यामुळे ७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.

म्हणजे ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. पडताळा तोंडीही होतो: ६९ × ६००० = ४१४००० आणि ६९ × २९ = २००१.

विभाजक एकूण आठ.

कोल्हापुरात पत्ता लिहिताना हा आकडा माझ्या हातून शेकडो वेळा गेलाय, पण त्याचा सगळ्यात सुंदर गुण मला कागद-पेन घेऊन बसल्यावरच दिसला. ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे पूर्ण वर्गाला फक्त २४ जास्त हवेत. इतकं जवळ असूनही ही संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही. कारण ३ आणि २३ या दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि अवयवांत ते एकेकदाच येतात. असा एक जरी अवयव विषम वेळा आला, तरी ती वाट बंद होते.