ॲप किंवा पोर्टल काढून नागरिकांना सरकारी निर्णयांत खरंच सहभागी करून घेता येतं का? त्यासाठी कोणतं साधन चांगलं?

येतं. पण साधन कोणतं, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारेन. आलेल्या मतांचं सरकार पुढे काय करणार, हे आधी लेखी ठरलंय का, ते पहिल्यांदा बघा.

फिनलंडचं उदाहरण घ्या. तिथे २०१२ पासून नियम आहे की एखाद्या नागरिक-प्रस्तावावर सहा महिन्यांत ५०,००० मतदारांच्या सह्या जमल्या, तर संसदेला तो विचारात घ्यावाच लागतो. सही ऑनलाइन करता येते, बँकेच्या लॉगिनने ओळख पटवून. समलिंगी विवाहाचा प्रस्ताव याच वाटेने संसदेत गेला, २०१४ मध्ये मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू आहे. वेबसाइट म्हणाल तर अगदी साधी. जोर आहे तो नियमातल्या त्या आकड्याचा.

आइसलंडमध्ये नेमकं इथेच घोडं अडलं. २०११ मध्ये नव्या राज्यघटनेचा मसुदा इंटरनेटवर टाकत टाकत लिहिला गेला, लोकांनी फेसबुकवर सूचना केल्या. २०१२ च्या सल्लादर्शक सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी त्या मसुद्याच्या बाजूने कौलही दिला. संसदेने मात्र ती घटना मंजूर केलीच नाही. एवढी माणसं मनापासून कामाला लागली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता साधनाबद्दल. मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पोलिस नावाचं सॉफ्टवेअर (खाकी वर्दीशी संबंध नाही). २०१५ मध्ये तैवानमध्ये उबरचं काय करायचं यावर टॅक्सीचालक, प्रवासी, कंपनी सगळे हातघाईवर आले होते. तेव्हा व्हीतैवान या ऑनलाइन लोकचर्चेच्या उपक्रमात ते वापरलं. स्क्रीनवर एका वेळी एकच विधान येतं, कोणातरी सहभागी माणसाने लिहिलेलं. तुम्ही सहमत, असहमत किंवा पुढे जा, एवढंच म्हणायचं. हवं तर स्वतःचं विधान घाला. पण दुसऱ्याच्या विधानाला प्रत्युत्तर देण्याची सोयच नाही! त्यामुळे भांडण पेटत नाही. सारखी मतं देणाऱ्यांचे गट आपोआप नकाशावर दिसतात, आणि एरवी एकमेकांविरुद्ध असणाऱ्या गटांनाही कोणती विधानं पटली, ते वेगळं कळतं. उबरच्या बाबतीत विमा, प्रवाशांची सुरक्षितता, चालकांचा परवाना अशा मुद्द्यांवर दोन्हीकडचे लोक एकाच बाजूला निघाले. तेच मुद्दे पुढच्या बैठकीत कंपनी आणि अधिकाऱ्यांसमोर ठेवले गेले, आणि नंतरच्या नियमांत त्यातले बरेचसे उतरले. तरीही पुढे या उपक्रमाचा जोर ओसरला. निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते, हे त्याचं एक मोठं कारण.

नुसत्या संख्येवर भुलू नका, हेही सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीच्या (म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं, या) नियमांवर २ कोटी २० लाखांच्या आसपास अभिप्राय आले. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) चौकशीत त्यातले सुमारे १ कोटी ८० लाख खोटे निघाले. ओळख पडताळणी नसली की असं होतं. पण पडताळणी फार कडक केली, तर कागदपत्रं किंवा स्मार्टफोन नसलेली माणसं बाहेर राहतात, आणि बऱ्याचदा निर्णयाची झळ त्यांनाच सर्वाधिक बसते. म्हणून ऑनलाइनसोबत प्रत्यक्ष सभा आणि कागदी अर्ज हवेतच. यावर तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी स्वतः बऱ्याच मसुद्यांवर हरकती-सूचना पाठवत असतो. बहुतेक वेळा ‘आपली सूचना प्राप्त झाली’ एवढा आपोआप येणारा मेल येतो, मग सगळं सामसूम. एकदा एका कार्यालयाने आलेल्या सूचनांचा तक्ता प्रसिद्ध केला: सूचना, स्वीकारली की नाही, आणि नाही तर का. माझी सूचना नाकारली होती. कारण दोनच ओळींचं होतं, पण पटण्यासारखं होतं. त्यांच्या पुढच्या मसुद्यावर मी आवर्जून लिहिलं.

तुम्ही असा उपक्रम सुरू करणार असाल, तर ॲपवाल्या कंपन्यांना बोलावण्याआधी हे लिहून काढा: निर्णयाचा कोणता भाग अजून खुला आहे, मतं कधीपर्यंत घेणार, उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत. वरिष्ठांनी त्या कागदावर सही केली, तर एखादा साधा ऑनलाइन फॉर्मसुद्धा पुरेल. सही करायला कोणी तयार नसेल, तर लोकांचा वेळ मागू नका.