फॅन फिक्शनची कादंबरी करताना

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेली कथा. तिची स्वतंत्र कादंबरी करायची, तर नुसती नावं बदलून भागत नाही. अली हेझलवूडची 'द लव्ह हायपोथिसिस' (2021) 'स्टार वॉर्स'मधल्या रे आणि कायलो रेन या पात्रांवरच्या फॅन फिक्शनमधून आली. ते जमलं, कारण ती गोष्ट मुळातच विद्यापीठातल्या संशोधकांची होती. तुमच्या कथेचा कणाच मूळ लेखकाच्या जगातली जादू असेल, तर ती कथा बाजूला ठेवा आणि नवी लिहा.

खरी अडचण सुरुवातीच्या प्रकरणांत येते. फॅन वाचकाला नायक आधीच ठाऊक असतो, म्हणून त्याची ओळख लिहिलेलीच नसते. 'तो नेहमीसारखा चिडला.' नेहमीसारखा म्हणजे कसा? दार आपटतो, की गप्प बसून पेनाचं टोपण चावतो? अनोळखी वाचकाला ते दिसायला हवं. आणि फॅन फिक्शन हप्त्याहप्त्याने लिहिलं असेल, तर हप्त्यांच्या शेवटचे उत्कंठेचे झटके निम्म्याहून जास्त कापा. सलग वाचताना ते फार खुपतात.