वॉरंटीचा निकाल जॉबकार्डावरच लागतो

या वेळच्या टपालात बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: दुचाकी वॉरंटीत आहे, पण क्लेम होत नाही. पत्रांतली नावं आणि कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत. बिघाड आणि कागदपत्रं तेवढी घेतली आहेत.

प्रश्न : १६० सीसीची गाडी, चौदा महिने झाले, रनिंग ११,००० किमी. इंजिन ऑइल खातं. सर्व्हिस सेंटरवाले दर खेपेला वरून ऑइल टाकून देतात आणि 'एवढं चालतंय' म्हणतात. आता म्हणतात, अशी तक्रार आधी कधी नोंदलेलीच नाही. (वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तुम्ही तोंडी सांगितलं आणि काउंटरवर जॉबकार्डात, म्हणजे गाडी कामाला घेताना भरतात त्या कागदावर, 'जनरल चेकअप, ऑइल टॉपअप' एवढंच लिहिलं गेलं. क्लेम मंजूर करणारा कंपनीतला माणूस तुमची गाडी बघायला कोल्हापुरात येत नाही. त्याच्यासमोर असते ती चेसिस नंबरखालची नोंद: तारीख, किलोमीटर, तक्रारीची ओळ, कोणता पार्ट बदलला. त्या ओळीत काही नसेल तर त्याच्या लेखी बिघाडच नाही.

आधी मोजमाप नीट करा, कारण निम्म्या वेळा ऑइल जळत नसतं, बघणारा चुकीचं बघत असतो. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि ऑइल खाली उतरायला पाच मिनिटं द्या. डिपस्टिक पुसून, बहुतेक गाड्यांत आटे न आवळता, नुसती टेकवून बघायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते एकदा वाचून घ्या. साइड स्टँडवर बघितलेल्या लेव्हलला काही अर्थ नाही.

मग सर्व्हिस सेंटरला लेखी सांगा, की ऑइल कंझम्प्शन टेस्ट करा. जुनं ऑइल पूर्ण काढायचं, नवं मोजून ओतायचं, ड्रेन बोल्ट आणि ऑइल भरायच्या झाकणावर रंगाची खूण मारायची, म्हणजे मध्ये कुणी हात लावला नाही हे कळतं. ५०० किंवा १,००० किमी चालवून परत या, ऑइल काढून मोजायचं. किती मिलिलिटर घटलं तर कंपनी बिघाड मानते तो आकडा त्यांच्याकडून लेखी मागा. 'एवढं चालतंय' याला आकडा लागतो.

जॉबकार्डावर ओळ अशी हवी: '१,००० किमीत अमुक मिली ऑइल कमी; सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर.' धूर कधी येतो हे लिहिणं फार कामाचं. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा लांब उतार संपून ॲक्सिलरेटर दिल्यावर येत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. चढाला ओढताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. मेकॅनिकने कंप्रेशन तपासताना प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून दाब पुन्हा मोजावा; दाब चांगला वाढला तर गळती रिंगांतून आहे. दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्या.

एक सापळा सांगून ठेवतो. गाडी परत देताना 'कंपनीतनं फोन येईल, दहापैकी दहा द्या' असं सांगितलं जातं. संकोचापोटी लोक देतात. तोच कॉल पुढे 'ग्राहक समाधानी' म्हणून तुमच्याविरुद्ध उभा राहतो. तक्रार मिटली नसेल तर फोनवर तसं सांगा, आणि डिलिव्हरीच्या सहीशेजारी 'तक्रार कायम' हे दोन शब्द लिहून मगच सही करा.

आणि उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, घ्यायचा विचार मनात असेल तर तो तूर्त सोडा. तिथले कारागीर शोरूमपेक्षा चांगलं काम करतील, त्याबद्दल वाद नाही. पण बाहेर एकदा हेड उघडलं की इंजिनाची वॉरंटी मागायला जागा उरत नाही.

प्रश्न : ९,००० किमीला क्लच प्लेटा जळाल्या. आठवड्यातनं दोनदा गगनबावड्याचा घाट करावा लागतो. वॉरंटीत बसतं का? (वाचक, कळे)

उत्तर : बसत नाही. क्लच प्लेटा, ब्रेक शू आणि पॅड, चेन-स्प्रॉकेट, प्लग, फिल्टर, केबल, बल्ब हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीपत्रकातच वगळलेले असतात. मात्र ९,००० हे कमी आहे, तेव्हा कारण शोधल्याशिवाय नव्या प्लेटा टाकू नका, नाहीतर त्याही जातील.

क्लच लिव्हरला फ्री प्ले, म्हणजे क्लच ओढायला लागण्याआधीची ढिलाई, आहे का बघा. बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी असतो. तो नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. दुसरं कारण ऑइल. चारचाकीचं ऑइल 'चांगलं आहे' म्हणून दुचाकीत टाकलं जातं. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनामुळे ऑइलात भिजलेला क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलाची प्रतवारी) असं लिहिलेलं हवं. तिसरं म्हणजे घाटात ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर रेंगाळणं; तिथे पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण सोडा. जुन्या प्लेटा परत मागून घ्या. स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या असतील तर त्या तापल्यात. प्लेटा एका बाजूनेच खाल्ल्या असतील, किंवा प्लेटा ज्यात बसतात त्या क्लच हाउसिंगच्या खाचांत त्यांनी खड्डे पाडले असतील, तर मात्र हाउसिंगचा क्लेम मागता येतो, कारण तो झिजणारा भाग नव्हे.

प्रश्न : गाडी सांगलीत घेतली. कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, वॉरंटीचं काम जिथं घेतली तिथंच होईल. (वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : तसं नसतं. वॉरंटी कंपनीची असते आणि कुठल्याही अधिकृत सेंटरला ती करावी लागते. 'हेच जरा कागदावर लिहून द्या' म्हणा, बहुतेकदा तिथंच काम सुरू होतं. नाही झालं तर चेसिस नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर टाकून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा.

प्रश्न : सात महिन्यांत बॅटरी गेली. शोरूम म्हणतं बॅटरी कंपनीकडे जा, बॅटरीवाला म्हणतो गाडीचं चार्जिंग खराब आहे. गाडीला जादा एलईडी लाइट बसवलेत. (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते, हे शोरूमचं म्हणणं खरं आहे. पण चार्जिंग तपासून द्यायचं काम गाडीच्या सेंटरचंच, आणि तो कागद हातात आल्याशिवाय बॅटरीवाल्याकडे जाऊ नका.

मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास धरून साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट आलं पाहिजे. कमी आलं तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बघायचा, आणि १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरच बॅटरी उकळतोय. तिसरं माप लोक घेतच नाहीत: किल्ली बंद ठेवून, निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर लावायचा. काही मिलिअँपिअर चालतात. पन्नास-साठ दिसले तर कुठलं तरी बाहेरचं फिटिंग रात्रभर बॅटरी पितंय. हे माप चालू असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

तुमच्या एलईडीचं कनेक्शन मूळ वायरिंग कापून, टेप गुंडाळून केलं असेल तर इलेक्ट्रिकलचा क्लेम गेल्यातच जमा आहे. रिले आणि वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतलं असेल तर निदान वाद घालता येतो. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी मूळ तारखेपासूनच मोजली जाते, नव्याने सुरू होत नाही.

प्रश्न : टाकीतल्या फ्युएल पंपाची मोटर गंजली. सेंटर म्हणतं पेट्रोलमध्ये पाणी होतं, वॉरंटी नाही. ई-२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) झालं असेल का? (वाचक, कागल)

उत्तर : आपल्याकडच्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतंय, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. फ्युएल पंप नेमका तिथूनच ओढतो.

साधारण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ई-२० साठी केलेले आहेत. त्याआधीची गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये कोणतं इंधन लिहिलंय ते बघा. नव्या गाडीला 'ई-२० मुळे गंजली' असं कारण देऊन क्लेम नाकारता येऊ नये. म्हणूनच ते 'पाणी होतं' असं म्हणतात.

मग पाणी कुठून आलं ते शोधा. पेट्रोल पंपावरून आलं असेल तर त्याच दिवशी तिथे भरलेल्या इतर गाड्याही बंद पडलेल्या असतात. एकटी तुमचीच बंद पडली असेल तर टाकीचं झाकण उघडा. झाकणाच्या खोलगट भागात एक बारीक भोक असतं. पावसाचं आणि धुतलेलं पाणी तिथून नळीने खाली जातं. चिखल-मातीने ते बुजलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. बारीक तार घालून हवा मारली की मोकळं होतं. सर्व्हिस शेड्यूलमध्ये हे काम असूनही केलं गेलं नसेल तर ती तुमची बाजू आहे.

टाकी उपसताना समोर उभे राहा. तळाचं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यायला लावा. पाणी जास्त असेल तर थोड्या वेळात खाली वेगळा थर दिसतो. दोन बाटल्या भरा, एक सील करून स्वतःकडे ठेवा, दोन्हींचा फोटो काढा आणि कार्डावर 'ग्राहकासमोर नमुना घेतला' असं लिहून घ्या. थर दिसला नाही तर 'पाणी होतं' हे म्हणणं बरंच लंगडं पडतं.

प्रश्न : पुरात पार्किंगमधली गाडी सीटपर्यंत बुडाली. वॉरंटी चालेल का? (वाचक, शाहूपुरी)

उत्तर : पुराचं नुकसान वॉरंटीत येत नाही, ते विम्याचं काम. त्यातही नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळणार नाही.

पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवू नका, ढकलून तर मुळीच चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान 'नंतर तुम्ही केलेलं' म्हणून विमा कंपनी नाकारते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चिखलाची रेघ कुठपर्यंत आली त्याचा नंबर प्लेटसह फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टेम्पोत घालूनच न्या. दुधाळ कॉफीच्या रंगाचं ऑइल निघालं तर पाणी आत गेलंय.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येईल तेव्हा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल बॉक्स), वायरिंग हार्नेस आणि मीटर हे तीन भाग यादीत लिहून घ्या, ते त्या दिवशी चालत असले तरी. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडून बंद व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत विम्याची फाइल बंद झालेली असते आणि वॉरंटीवाले म्हणतात, ही पुरातली गाडी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की गाडी वर हलवा. ४३ ची धोक्याची पातळी गाठेपर्यंत थांबलात तर रस्ता राहत नाही.

प्रश्न : गिअरचा दात तुटला. तीन आठवडे गाडी सेंटरलाच, 'अप्रूव्हल आलं नाही' एवढंच उत्तर. नवी गाडी मागता येईल का? (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : नवी गाडी सहसा मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलं, की वॉरंटीखाली सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढीच जबाबदारी येते. तेव्हा मागणी मोफत दुरुस्ती, गाडी अडकलेल्या दिवसांची वाढीव वॉरंटी आणि झालेला खर्च अशी ठेवा. ती टिकते.

क्लेम पाठवल्याची तारीख आणि क्लेम नंबर मागा. तो नंबरच नसेल तर क्लेम गेलेलाच नाही, हे समजून घ्या. मग कंपनीला ईमेल, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही नाही झालं तर डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी कोल्हापूर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

तुटलेला दात मात्र आत्ताच नीट बघून घ्या. बदललेला पार्ट कंपनीकडे जातो आणि पुन्हा दिसत नाही. तुटलेल्या जागेचे जवळून, उन्हात, दोन-तीन कोनांतून फोटो काढा. पृष्ठभागावर किनाऱ्यांसारख्या गोलसर रेघा आणि शेवटी खरखरीत भाग दिसला तर तडा हळूहळू वाढलेला आहे. सगळाच खरखरीत असेल तर एका झटक्यात तुटला. पहिल्या प्रकारात धातूचा किंवा हार्डनिंगचा (धातू कडक करण्याच्या प्रक्रियेचा) दोष असू शकतो. आयोग असा भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि फौंड्र्यांमुळे धातू तपासणाऱ्या लॅब कोल्हापुरात आहेतच. 'पार्ट नष्ट करू नये, तपासणीसाठी राखून ठेवावा' हे वाक्य नोटिशीत आणि त्याआधीच्या ईमेलमध्येही घाला.

प्रश्न : डिजिटल मीटर वॉरंटीत बदलला, आता शून्य किलोमीटर दाखवतो. (वाचक, फुलेवाडी)

उत्तर : जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि बदलल्याची तारीख जॉबकार्डावर आणि सर्व्हिस बुकात शिक्क्यासह लिहून घ्या. नाहीतर पुढचा क्लेम किलोमीटर जुळत नाहीत म्हणून अडेल आणि विकताना घेणारा शंका काढेल ती वेगळीच.